जपानी मायनर घ्यावं का? सहा सत्रांत काय हाती लागतं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बीएस्सी संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला महाविद्यालयात 'जपानी भाषा आणि संस्कृती' हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय मिळतोय. शाळा मराठी माध्यमाची. अ‍ॅनिमे बघते, हिरागाना ही जपानी वर्णमाला थोडीफार ओळखते. तिला विचारायचंय की मायनर करून भाषा खरंच येईल का, मराठीतून आलेल्या मुलीला जड जाईल का, संस्कृतीच्या पेपरचा उपयोग काय, नोकरीचं काय, आणि आई म्हणते तसं जर्मनच घ्यावं का. मी पुण्यात जपानी शिकवते आणि अधूनमधून चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषाचं काम करते. त्या दोन्ही बाजूंनी उत्तर देते.

घे. फक्त मायनर काय करू शकतं याचा हिशेब आधी मांडून घे, म्हणजे तिसऱ्या वर्षी विषयावर राग निघणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात आपल्याकडे मायनरच्या वाट्याला साधारण २० क्रेडिट येतात. तुझ्या महाविद्यालयाचा नेमका आकडा अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत बघ, थोडं इकडेतिकडे असेल. तासिकेचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे सगळे मिळून ३००. त्यातून अंतर्गत परीक्षा, गणपती, गॅदरिंग आणि संस्कृतीचा पेपर वजा केलास की भाषेला अडीचशेच्या आतबाहेर उरतात. आता हे कशाशी ताडायचं? जपानी भाषेची जी जेएलपीटी परीक्षा सगळे देतात, तिच्या २००९ पर्यंत चारच पातळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर्णनात अभ्यासाचे अंदाजे तास छापलेले असत. सर्वांत खालच्या चौथीला १५०, तिसरीला ३००, दुसरीला ६०० आणि पहिलीला ९००. चौथीला सुमारे १०० कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरचिन्हं, आणि ८०० शब्द, तिसरीला ३०० आणि १,५००, दुसरीला एकदम १,००० आणि ६,०००, पहिलीला २,००० आणि १०,०००. तिसरी आणि दुसरी यांच्यामधली दरी इतकी रुंद होती की २०१० मध्ये परीक्षेची नवी रचना करताना तिथे एक जादा पायरी बसवावी लागली. तीच आजची एन३. जुनी चौथी म्हणजे आताची एन५ आणि जुनी तिसरी म्हणजे एन४.

म्हणजे मायनर मनापासून केलंस, तर तासांच्या हिशेबाने तू एन४ च्या दारात उभी राहतेस. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे प्राथमिक पातळीचे ५० धडे दोन भागांत आहेत. बहुतेक वर्ग पहिल्या २५ वर एन५ आणि पुढच्या २५ वर एन४ गाठतात. सहा सत्रांत हे ५० धडे नीट झाले तर मायनरने आपलं काम केलं असं समज. एन४ वाल्याला सावकाश, स्वच्छ बोललेलं रोजचं बोलणं कळतं, सोपा मजकूर वाचता येतो. मीटिंगमध्ये बसता येत नाही. नोकरीच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एन३ किंवा एन२ लिहिलेलं असतं. त्यामुळे मायनरच्या पलीकडचा टप्पा तुलाच चालायचाय, आणि तो तिसऱ्या वर्षानंतर सुरू करायचा असं ठरवलंस तर बहुधा राहूनच जाईल. चौथ्या सत्रापासून बाहेरचा अभ्यास जोडायला लाग.

परीक्षेबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू दे. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. डिसेंबरची तारीख सत्रपरीक्षेच्या आसपासच येते, आणि पुण्यातल्या जागा पटकन भरतात. एकूण गुण १८०. एन५ ला ८० आणि एन४ ला ९० मिळाले की पास, पण श्रवणात ६० पैकी किमान १९ हवेतच. नुसतं व्याकरण घोकून आलेली हुशार मुलं तिथेच अडकतात. प्रश्न सगळे पर्यायी उत्तरांचे. बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याची नाही. त्यामुळे 'एन३ क्लिअर आहे' असं सांगणारा उमेदवार स्वतःची ओळख करून देतानाही अडखळू शकतो, आणि हे कंपन्यांना पक्कं ठाऊक झालंय. मायनरचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. वर्गात आठवड्यातून दोन-तीनदा तोंड उघडावं लागतं, तोंडी परीक्षा होते, निबंध हाताने लिहावा लागतो. क्लासला जाऊन फक्त लेव्हल्स देणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

आता मराठीचा प्रश्न, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे हे उलटं शिकवलं जातं. पुस्तकं इंग्रजीतून, शिक्षक इंग्रजीतून समजावणार, मुलं इंग्रजी वाक्य मनात जुळवून मग त्याचं जपानी करणार. एवढा वळसा कशाला? वाक्याची घडण आपल्याच भाषेसारखी आहे. 'वाताशि गा किनो योन्दा होन' हे जसंच्या तसं 'मी काल वाचलेलं पुस्तक' आहे. शब्दाखाली शब्द ठेव, एकही जागा बदलावी लागत नाही. क्रियापद शेवटी, आणि नामाला चिकटणारे प्रत्यय मागून. 'तोक्यो नि' म्हणजे टोकियोला, 'तोक्यो कारा' म्हणजे टोकियोहून, 'तोक्यो मादे' म्हणजे टोकियोपर्यंत. 'तो इत्ता' म्हणजे 'असं म्हणाला', आणि तेही म्हटलेल्या वाक्यानंतरच येतं. 'उद्या पाऊस पडणार म्हणे' यातल्या 'म्हणे'ला जपानीत 'सो देसु' आहे, तेसुद्धा वाक्याच्या टोकाला. इंग्रजीतून हे समजवायला परिच्छेद लागतो.

याहून मोठी गंमत जोडक्रियापदांची. जपानी क्रियापदाचं 'ते' रूप म्हणजे आपलं ऊन-प्रत्ययाचं रूप: 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'शिते' म्हणजे करून. त्याला पुढे जी क्रियापदं लागतात ती बघ. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजे खरोखरचं बघणे, आणि इथे दोन्ही भाषांत अर्थ 'प्रयत्न करणे' असाच होतो. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे, पुढची सोय म्हणून. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. पाठ्यपुस्तकात हे सुटे-सुटे पाठ म्हणून येतात आणि मुलं प्रत्येकाचा इंग्रजी अर्थ पाठ करत बसतात. मराठी मुलाने यातलं काहीही पाठ करायची गरज नाही. 'मला कळतं', 'मला आवडतं', 'मला हवंय' या आपल्या रचनांत कळणारी वस्तू कर्ता होऊन बसते. जपानीत 'वाकारु', 'सुकि', 'होशी' यांच्या आधी त्या वस्तूला 'गा' लागतो, तेही याच चालीवर.

नादशब्दांचंही तेच. रिमझिम पावसाला 'शितोशितो', टप टप थेंबांना 'पोत्सुपोत्सु', धो धो कोसळण्याला 'झाझा'. चमचमणं म्हणजे 'किराकिरा'. इंग्रजीत शिकणाऱ्यांना हा प्रकार बालिश वाटतो. ज्यांच्या भाषेत पाठ ठणकते, डोकं भणभणतं आणि पोटात कालवतं त्यांना वाटू नये. जपानी डॉक्टरसमोर दुखणं सांगायचं तर याच शब्दांत सांगावं लागतं: 'झुकिझुकि' ठणकतं, 'चिकुचिकु' टोचतं.

मराठी कुठे दगा देते तेही सांगते. आपला 'त' सगळीकडे चालतो: खोलीत आहे, खोलीत वाचतोय. जपानीत नुसतं असणं असेल तर 'नि', काम चाललं असेल तर 'दे'. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ही चूक ढिगाने सापडते. आपल्या 'आहे'ला तिथे दोन क्रियापदं आहेत, सजीवाला 'इरु' आणि निर्जीवाला 'आरु'. विशेषणं काळाप्रमाणे बदलतात. 'महाग होतं' यातला भूतकाळ 'महाग' या शब्दालाच लागतो. आणि 'देणे' हे एक क्रियापद तिथे दिशेप्रमाणे फुटतं. मी दुसऱ्याला करून दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला करून दिलं तर 'कुरेरु'. ही गाठ सुटायला वेळ लागतो आणि ती मराठीने सुटत नाही. 'वा' आणि 'गा' या नामामागे लागणाऱ्या दोन प्रत्ययांतला कुठला कुठे, यासाठी एक कामचलाऊ युक्ती देते: वाक्यात 'तर' बसत असेल तर 'वा' आणि 'च' बसत असेल तर 'गा'. 'मी तर जाणार' आणि 'मीच जाणार'. नेहमी जमेल असं नाही, पण पहिल्या दोन सत्रांपुरती चालते.

उच्चारांत आपण इतरांच्या पुढे आहोत. 'त्सु'वर अनेक परदेशी विद्यार्थ्यांची जीभ अडते; तुझ्या 'चूल' आणि 'चोर' यांत तो तयार आहे. 'झु' म्हणजे 'जुना'मधला जु. जपानीत 'सि' नाही, 'शि'च आहे, आणि मराठीलाही ती खोड आहेच: हिंदीत सीखना, आपल्याकडे शिकणे. काळजी घ्यायची ती लांबीची. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईशी बोलताना हा फरक महागात पडू शकतो. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. देवनागरीत जपानी शब्द लिहून ठेवायची सवय पहिल्या पंधरवड्यात सोड. आपण आखूड 'का'लाही काना देतो, त्यामुळे खरा लांब 'का' कसा दाखवायचा हा प्रश्न उरतो आणि उच्चार कायमचा बिघडतो.

हिरागाना तुला अर्धवट येते म्हणालीस. ती वर्णमाला एकदा मोठ्याने म्हण: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. काही ओळखीचं वाटलं? क-वर्ग, मग सा म्हणजे च-वर्गाची जागा, त-वर्ग, न, मग हा म्हणजे प-वर्गाची जागा, म, आणि शेवटी य, र, व. जुन्या जपानीत 'हा' हा 'पा' होता आणि 'सा'चा उच्चार आपल्या 'च'च्या जवळ असावा असं भाषाभ्यासक मानतात. हा क्रम योगायोगाने आलेला नाही. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीत संस्कृत मंत्र शिकत, त्या अभ्यासातून वर्णांची ही मांडणी जपानमध्ये रुजली. त्या परंपरेतला मोठा माणूस म्हणजे शिंगोन पंथाचा संस्थापक कूकाइ (७७४–८३५). चीनहून परतताना त्याने जे ग्रंथ आणले त्यांत भारतीय ज्योतिषावर आधारलेला एक ग्रंथ होता आणि वारांची नावं त्यातून आली. म्हणून मंगळवारी मंगळ, बुधवारी बुध हा क्रम त्यांच्याकडेही तोच आहे, फक्त ग्रहांना अग्नी, पाणी, लाकूड, सोनं, माती अशी चिनी नावं आहेत.

कांजी मात्र कष्टाचंच काम आहे, त्याला पळवाट नाही. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत, एन४ पर्यंत त्यांतल्या तीनेकशे लागतात. एकेका कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार बघून मुलं हबकतात. त्याकडे असं बघ: आपण प्यायला 'पाणी' मागतो, पण नळयोजनेच्या फलकावर 'जलवाहिनी' लिहितो. 'मिझु' हे पाणी आणि 'सुइ' हे जल. सुटा शब्द असला की मिझु, जोडशब्दात शिरला की सुइ: 'सुइदो' पाणीपुरवठा, 'सुइएइ' पोहणं. आपल्याकडे जे काम संस्कृत करते ते त्यांच्याकडे चिनीतून आलेले उच्चार करतात. म्हणून सुटी कांजी घोकू नकोस, शब्दातच शीक, आणि हाताने लिही. रोज चार-पाच पुरेत, पण रोज. रविवारी बसून तीस करणारी मुलं पुढच्या रविवारी पुन्हा त्याच तीसवर असतात. तुझं मुख्य विषयाचं प्रॅक्टिकल असतं त्या दिवशी दोन कर. मायनर घेतलेल्यांची अडचण हीच असते की मेजरच्या सबमिशनचा आठवडा आला की जपानी सर्वांत आधी बाजूला पडतं. दहा दिवस कांजीला हात लावला नाहीस तर मागचं बरंच धूसर होऊन जाईल.

संस्कृतीचा पेपर. बहुतेक ठिकाणी तो साकुरा, चहाविधी, किमोनो, सामुराई या चार खांबांवर उभा असतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तयार होतो. असा पेपर नसता तरी चाललं असतं असं माझं मत आहे. पण तो बरा शिकवला गेला तर भाषेइतकाच कामाचा आहे, कारण जपानीत व्याकरण आणि नातेसंबंध एकमेकांत विणलेले आहेत. 'उचि' आणि 'सोतो', म्हणजे आपल्या आतले आणि बाहेरचे, हे न समजता आदरार्थी भाषा येतच नाही. आपण बाहेरच्यांसमोर 'आमचे बाबा आलेत' म्हणतो, अनेकवचन लावतो. जपानी माणूस बाहेरच्याशी बोलताना स्वतःच्या वडिलांना साधं 'चिचि' म्हणतो. 'ओतोसान' हा मानाचा शब्द घरात त्यांना हाक मारायला, किंवा दुसऱ्याच्या वडिलांसाठी. कंपनीतही तेच. ग्राहकाचा फोन आला की स्वतःच्या साहेबाचं नाव 'सान' न लावता घ्यायचं आणि त्याच्यासाठी नम्र क्रियापद वापरायचं. पुण्याच्या ऑफिसात मी दुभाषा म्हणून 'कुलकर्णी असं म्हणाला' या चालीचं जपानी वाक्य बोलते तेव्हा थोडं जपानी शिकलेले इंजिनिअर चमकून बघतात. वर्गात हे एक तासभर करून घेतलं असतं तर चमकले नसते.

तसंच 'हाय'. पुस्तकात अर्थ 'हो', पण मीटिंगमध्ये जपानी माणूस दर वाक्याला 'हाय' म्हणतो तो आपल्या 'हं, हं'सारखा, म्हणजे ऐकतोय. तो होकार समजून वेळापत्रक आखलेलं मी पाहिलंय. 'केन्तो शिमासु' म्हणजे विचार करतो, आणि त्याचा अर्थ पुष्कळदा नाही असा असतो. पुणेकराला हे शिकवावं लागू नये. आपलं 'बघू' दुसरं काय असतं?

या पेपरात प्रकल्प असेलच, त्याचे विषय स्वतः सुचव, शिक्षक बहुधा नाही म्हणणार नाहीत. भारत आणि जपान यांच्या जुन्या संबंधांवर खूप आहे: नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूने केला होता. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, गणपती कांगितेन झाला, यम एन्मा झाला. आधुनिक काळातला माझा आवडता धागा मात्र पुण्यातलाच आहे. महर्षी कर्व्यांच्या हाती १९१५ च्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी इथे महिला विद्यापीठ सुरू केलं, आजचं एसएनडीटी. त्या दोन संस्थांची तुलना हा एका सत्राचा उत्तम प्रकल्प होईल. साहित्याची आवड असेल तर शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू घे आणि जपानी हायकूतला ऋतुसूचक शब्द मराठीत आल्यावर त्याचं काय होतं ते शोध. हिंडायची आवड असेल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आहेच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, आणि मूळ बाग १७०० च्या सुमारास तिथल्या सरदाराने पूर्ण केली. तुझ्या विषयाला जवळचं हवं असेल तर कारखान्यातले पाच 'एस' (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) किंवा 'होरेनसो', म्हणजे वरिष्ठांना अहवाल देणं, संबंधितांना कळवणं आणि निर्णयाआधी सल्ला घेणं, हे भारतीय सॉफ्टवेअर टीममध्ये कुठे अडतं ते बघ. मुलाखतीत सांगायला हा प्रकल्प साकुरापेक्षा बरा.

विषय निश्चित करण्याआधी महाविद्यालयात जाऊन थोडी चौकशी कर. सहाही सत्रं हा मायनर चालणार आहे का, की पुरेसे विद्यार्थी नसतील तर मधेच बंद होईल? शिकवणारे स्वतः कोणत्या पातळीपर्यंत पोचलेले आहेत? वर्गात किती जण? साठ जणांच्या वर्गात बोलण्याचा सराव होत नाही, तिथे फक्त तक्ते फळ्यावर उतरतात. श्रवणाची सोय आहे का? पुण्यात विद्यापीठाचं परकीय भाषा विभागाचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी विभाग आहे, जपानी शिक्षकांची स्वतःची संघटना आहे. तुझ्या महाविद्यालयाची तयारी कच्ची वाटली तर मायनर दुसरं घेऊन जपानी संध्याकाळच्या अर्धवेळ वर्गात शिकणं हाही चांगला मार्ग आहे. क्रेडिटच्या मोहापायी वाईट वर्गात बसू नकोस.

नोकरीचं उत्तर तुझ्या मुख्य विषयावर अवलंबून आहे. नुसत्या एन४ वर नोकरी मिळत नाही आणि तसं सांगणारा क्लास असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण संगणकशास्त्र अधिक एन३ हे पुण्यात चांगलं जमतं, आणि एन२ असेल तर 'ब्रिज इंजिनिअर' म्हणून, म्हणजे जपानी ग्राहक आणि इथली टीम यांच्यामध्ये उभं राहणारी व्यक्ती म्हणून, तुला वेगळंच काम मिळतं. यंत्रभाषांतरामुळे साधी कागदपत्रं भाषांतर करायचं काम आटलंय, हे मी रोज बघतेय. मशीनने केलेलं तपासणं, मीटिंगमध्ये न बोललेलं ओळखणं, आणि तांत्रिक चूक तिथल्या तिथे पकडणं यांना मागणी आहे, आणि त्यासाठी तांत्रिक विषय पक्का हवा. म्हणून जपानीसाठी मेजरचे गुण घालवू नकोस. थेट जपानमध्ये नोकरी हवी असेल तर त्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि नवे पदवीधर मुख्यतः त्याच महिन्यात एकगठ्ठा कामावर रुजू होतात हे लक्षात ठेव. आपला निकाल उन्हाळ्यात लागतो, म्हणजे मध्ये बरेच महिने रिकामे जातात. ते एन३ वरून एन२ कडे जायला वापर.

शिष्यवृत्त्यांचे नियम शब्दन् शब्द वाच. जपान सरकारची परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना साधारण वर्षभर जपानी भाषा-संस्कृती शिकायला नेणारी एक शिष्यवृत्ती आहे, पण ती हा विषय मेजर म्हणून शिकणाऱ्यांसाठी असते. मायनरवाल्यांनी आशेवर राहू नये. पदव्युत्तर संशोधनासाठी मात्र त्याच सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिला कोणत्याही शाखेतून अर्ज करता येतो. २०१९ पासून जपानने 'विशिष्ट कौशल्य' व्हिसा सुरू केलाय. त्यात रुग्णसेवा, शेती, हॉटेल अशी क्षेत्रं येतात आणि भाषेची अट साधारण एन४ च्या आसपासची असते. त्या नावाखाली लाखांनी पैसे मागणारे एजंट गावोगाव फिरतायत. तो मार्ग खोटा नाही, पण तो तुझ्या पदवीचा मार्ग नाही.

आईला सांग की जर्मनचा सल्ला चुकीचा नाही. इंग्रजी येणाऱ्याला जर्मन लवकर येते, लिपी शिकावी लागत नाही, आणि जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क जवळजवळ नाही. दोन वर्षांत मास्टर्सला युरोपात जायचंय असं ठरलेलं असेल तर जर्मन घे, मी आडवी येणार नाही. पण तसं काही ठरलेलं नाही आणि जपानीची ओढ आहे, असं तुझ्या प्रश्नावरून दिसतंय. इतक्या लांबच्या भाषेत तीन-चार वर्षं टिकायला ओढच लागते. टोकियोच्या निशिकासाइ भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो तिथल्या सभागृहात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. आईला हे सांगून बघ, कधीकधी उपयोग होतो.

राहिलं अ‍ॅनिमे. श्रवणाला त्याचा फायदा होतो, वेग आणि सूर कानात बसतात. दुसऱ्या सत्रापासून सबटायटल जपानी ठेव. बोलायला मात्र त्यावरून शिकू नकोस. तिथली पात्रं 'ओरे', 'ओमाए', 'तेमे' म्हणतात, आणि ही सर्वनामं खऱ्या आयुष्यात मित्रांच्या टोळीत किंवा भांडणात निघतात. 'तू'साठी शब्द शोधायचाच नाही, समोरच्याचं आडनाव घेऊन 'सान' म्हणायचं. मुलाखतीत स्वतःला 'वाताशि' म्हण, त्यांच्या कंपनीला बोलताना 'ओन्शा' आणि अर्जात लिहिताना 'किशा'. हा शेवटचा फरक विचारणारे मुलाखतकार मी पाहिलेत.